टू-व्हील ड्राइव्ह पिकअप फोर-व्हील करायची आहे, कुठून सुरुवात करावी?

चिखलवाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी डिझेल पिकअप आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सची. इंजिन उत्तम, चासीला गंज नाही, गाडी मला मनापासून आवडते. अडचण एकाच ठिकाणी येते, वाटेतल्या कच्च्या चढावर. चढ कोरडा असला की काही जाणवत नाही. ओला झाला की रिकामी गाडी जागेवरच चाकं फिरवत राहते आणि मागचं टोक बाजूला सरकायला लागतं.

याच मॉडेलची फोर-व्हील आवृत्तीही कंपनी काढत होती, म्हणजे सगळे भाग कुठे ना कुठे आहेत. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शिअल (ती ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शिअलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) आणि चाकांपर्यंतचे दोन ॲक्सल आणून बसवले की झालं, असं आहे का? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. गाडी विकून दुसरी घेण्याचा पर्याय माहीत आहे, पण आधी हा नीट समजून घ्यायचा आहे.

रानजाई
+१. आमच्याकडेही अशीच गाडी आणि असाच प्रश्न आहे. वाचतेय.

पानेवाला
चिखलवाट, तुमच्या यादीतलं सगळं लागतं. पण वेळ आणि पैसा खातात ते यादीत नसलेले भाग.

आधी गिअरबॉक्स. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सला मागे लांब शेपटीसारखं हाउसिंग असतं आणि प्रोपेलरचं योक, म्हणजे जोडाचं टोक, त्यात पुढे-मागे सरकतं. फोर-व्हीलमध्ये ते हाउसिंग नसतं. तिथे अडॅप्टर असतो आणि वेगळा, बहुधा आखूड, आउटपुट शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये घुसतो. हा शाफ्ट बाहेरून ओढून बदलता येत नाही, त्यासाठी गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो. म्हणून अख्खा फोर-व्हीलचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट घेणं मला नेहमी बरं वाटतं. तो बसवायचा तर गिअरबॉक्सखालचा आडवा क्रॉसमेंबर बदलतो किंवा मागे सरकतो, लिव्हरसाठी फ्लोअर कापावा लागू शकतो आणि सायलेन्सरचा पाइप पुढच्या शाफ्टच्या वाटेत येत असेल तर तोही वळवावा लागतो. स्पीडोमीटरचं ड्राइव्हही बहुतेकदा ट्रान्सफर केसवर जातं.

ट्रान्सफर केसने जागा घेतली की मागचा प्रोपेलर आपोआप लांब ठरतो. तो कापून, वेल्ड करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. बॅलन्स न करता गाडी रस्त्यावर काढू नका. दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात वळणारे सांधे, एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि क्रॉसची बेअरिंगं लवकर जातात.

आता पुढची बाजू. काम होणार की नाही, ते इथे ठरतं. बऱ्याच टू-व्हील पिकअपमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, आणि फोर-व्हीलमध्ये ॲक्सल नेमका तिथूनच जायचा असतो. म्हणून फोर-व्हीलवाल्यांनी अनेक मॉडेलमध्ये टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) वापरले किंवा स्प्रिंग वरच्या बाजूला नेली. तुमच्या नकलवर (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाकाचा हब धरणारा भाग) भरीव स्टब असेल, तर फोर-व्हीलचा नकल आरपार पोकळ असतो, त्यातून ॲक्सल हबपर्यंत पोचतो. म्हणजे नकल, हब, बेअरिंग आणि पुष्कळदा आर्मसुद्धा बदलायचे. इंजिनचं ऑइल चेंबरही बघा. डिफरन्शिअलला जागा मिळावी म्हणून फोर-व्हीलच्या चेंबरला खाच असते, तुमच्याला ती नसली तर डिफरन्शिअल चेंबरला टेकेल.

आणि डिफरन्शिअलचं भांडं, म्हणजे गिअरचा फुगीर भाग, डावीकडे आहे की उजवीकडे, ते विसरू नका. ट्रान्सफर केसचा पुढचा आउटपुट ज्या बाजूला, भांडंही त्याच बाजूला लागतं. एका गाडीची केस आणि दुसऱ्या गाडीचा पुढचा ॲक्सल आणला आणि बाजू उलट निघाल्या, तर दोघांचा मेळ बसत नाही.

दोनटोकं
एवढं वाचल्यावर मी तरी सांगेन की ही गाडी विका आणि फोर-व्हील घ्या. कारखान्यातून आलेल्या गाडीत ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग सगळं एकत्र तपासलेलं असतं. शिवाय नोंदणी आणि विमा. असा बदल केल्यावर गाडीची पुन्हा तपासणी आणि मंजुरी लागते. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. हे काम हातात घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या.

जुनाइंजिन
दोनटोकं यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे, पण टू-व्हील ट्रकला फोर-व्हील करणं हा एके काळी रीतसर धंदा होता, तेही सांगायला हवं.

मार्मन-हेरिंग्टन ही अमेरिकन कंपनी १९३१ मध्ये निघाली आणि १९३५ पासून फोर्डचे ट्रक फोर-व्हीलमध्ये बदलून देऊ लागली. नॅप्को नावाच्या दुसऱ्या कंपनीचा पॉवर-पॅक हा संच शेवर्ले आणि जीएमसीच्या पिकअपना बसायचा. तो इतका चालला की १९५७ पासून तो बसवलेली शेवर्ले थेट कारखान्यातून मागवता येऊ लागली. डॉजची पॉवर वॅगन १९४६ पासून मुळातच फोर-व्हील होती. फोर्डने १९५९ मध्ये आणि शेवर्लेने १९६० मध्ये स्वतःच्या फोर-व्हील पिकअप काढल्या, मग बाहेरच्या संचांची गरज कमी झाली.

तेव्हा हे जमायचं, कारण दोन्ही प्रकारच्या गाड्यांना पुढे पाटे आणि अखंड आडवा ॲक्सल असायचा. साधा ॲक्सल काढायचा आणि डिफरन्शिअलवाला बसवायचा. नॅप्कोच्या संचात गिअरबॉक्सलाही हात लावावा लागत नसे. ट्रान्सफर केस मागे चासीला वेगळी टांगलेली असायची आणि मधे एक छोटा शाफ्ट. मग १९६० मध्येच शेवर्लेच्या टू-व्हील पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि फोर-व्हील मात्र पाट्यांवरच राहिली. पानेवाला काका ज्या पुढच्या बाजूबद्दल सांगताहेत, ती अडचण इथून सुरू झाली. दोन गाड्या वरून सारख्या दिसत राहिल्या आणि खाली वेगळ्या होत गेल्या.

चिखलवाट
जुनाइंजिन, फार छान माहिती. अशी वेगळी टांगलेली ट्रान्सफर केस आजही वापरता येते का? म्हणजे माझा गिअरबॉक्स आहे तसाच राहील.

पानेवाला
येते. एनपी २०५ ही जुनी बिडाची केस अशा वेगळ्या रूपातही मिळायची. ती सगळी गिअरवर चालते, आत साखळी नाही, म्हणून अजून लोक ती शोधतात. तिचा लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर, १.९६ आहे. नंतरच्या साखळीच्या हलक्या केसमध्ये एनपी २०८ चा २.६१ आणि एनपी २३१ चा २.७२. चढावर सावकाश जायला मोठा आकडा कामाला येतो.

पण वेगळ्या केसला लांबी लागते. गिअरबॉक्स, छोटा शाफ्ट, केस आणि मग मागचा प्रोपेलर, एवढं सगळं व्हीलबेसमध्ये मावलं पाहिजे. आखूड गाडीत मागचा प्रोपेलर इतका छोटा होतो की त्याचे कोन हाताबाहेर जातात. शिवाय केस टांगायला चासीवर भक्कम ब्रॅकेट हवेत, कारण लो रेंजमध्ये ती पूर्ण ताकदीने पिळली जाते. लांब व्हीलबेसच्या जुन्या ट्रकसाठी हा मार्ग मला आवडतो. तुमच्या गाडीसाठी त्याच मॉडेलचा जोडलेला गिअरबॉक्स-केसच बघा.

अवजड
ब्रॅकेटचा विषय निघालाच आहे तर चासीबद्दल लिहितो, माझं कामच ते आहे.

चासीच्या उभ्या पट्टीत भोक पाडलं तर चालतं, तेही मोजून आणि कडेपासून अंतर ठेवून. वरच्या आणि खालच्या आडव्या कडेला भोक पाडू नये आणि त्या कडेवर आडवं वेल्डिंग तर अजिबात करू नये. गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि वेल्डच्या काठावर तडा सुरू होतो. हल्लीच्या चासी जास्त ताकदीच्या पोलादाच्या असतात आणि वेल्डच्या उष्णतेने नेमकी ती ताकद आजूबाजूला कमी होते. मूळ भोकांना बोल्टने बसणारे ब्रॅकेट मिळत असतील तर तेच वापरा.

दुसरं, वजन. ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शिअल, ॲक्सल, शाफ्ट मिळून शंभर किलोच्या पुढेच जातात. तेवढा माल वाहून नेण्याची क्षमता कमी झाली असं धरा. पुढच्या स्प्रिंगा किंवा टॉर्शन बारही त्या वजनाचे लागतील. गाडीची उंची बदलली तर ब्रेकचे होज लांब हवेत. चाक पूर्ण खाली लटकवून, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला फिरवून होज ताणतोय का ते बघायचं.

गिअरदात
एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, आणि माझ्या मते तिच्यावरून सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचं (डिफरन्शिअलमधल्या गिअरजोडीचं) प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती फेरे मारतो ते, जुळलं पाहिजे.

समजा पुढे ३.७३ आणि मागे ४.१० आहे. फोर-व्हील लावलं की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. शाफ्टचे १०० फेरे झाले की मागची चाकं सुमारे २४.४ वेळा फिरतात आणि पुढची २६.८ वेळा. चाकाचा घेर २.३ मीटर धरला तर साधारण ६० मीटरमध्ये पुढची चाकं साडेपाच मीटर जास्त जाऊ बघतात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जाईल. घट्ट जमिनीवर तो निघायला वाट नसते, मग क्रॉस, साखळी नाहीतर ॲक्सल तुटतो.

३.५४ आणि ३.५५ एवढा फरक चालतो. टायर थोडे झिजले तरी त्याहून जास्त फरक पडतो. म्हणूनच चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असं नको.

घरी तपासायची सोपी पद्धत आहे. गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या चाकांना पक्क्या अडणी लावा. मागचं एक चाक जमिनीवर राहू द्या आणि दुसरं उचलून स्टँडवर घ्या. डिफरन्शिअल साधा असेल तर उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलरवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार फेरे आणि वर थोडंसं आलं तर ४.१० च्या आसपास. नक्की आकडा डिफरन्शिअलवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपट्टीच्या कोडवरून मिळतो.

रानजाई
हे प्रमाण जुळलेलं असेल तर फोर-व्हील सतत लावून ठेवता येतं का? म्हणजे डांबरी रस्त्यावरही?

गिअरदात
नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, म्हणजे त्यांना जास्त फेरे लागतात. पार्ट-टाइम ट्रान्सफर केस, म्हणजे गरजेपुरतीच लावायची साधी केस, तो फरक होऊ देत नाही. कोरड्या रस्त्यावर वळलात की स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि कधीकधी लिव्हर टू-व्हीलला परत येतच नाही. सतत फोर-व्हील हवं असेल तर मधे तिसरा डिफरन्शिअल असलेली केस लागते. चिखल, वाळू, बर्फ, सुटे खडे एवढ्यापुरतंच ते लावायचं.

दोनटोकं
इलेक्ट्रॉनिक्सचं काय? गाडी नवी असेल तर एबीएस आणि स्टॅबिलिटीचा मॉड्यूल फोर-व्हीलसाठी कोड केलेला हवा. लो रेंज लावलंय हे कळलं नाही तर चाकांचा आणि गिअरबॉक्सचा वेग जुळत नाही असं संगणकाला वाटतं आणि तो चुकीचं काहीतरी करतो.

पानेवाला
बरोबर आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर हे आणखी नाजूक. चिखलवाट यांची मॅन्युअल आहे, त्यातल्या त्यात सुटका. तरी वायरिंगचा फोर-व्हीलचा हार्नेस, स्विच आणि मॉड्यूल एकाच गाडीतून काढलेले असले तर डोकेदुखी निम्मी होते. लिव्हरवाली केस आणि पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे हब मिळाले तर वायरिंगचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. मला स्वतःला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

चिखलवाट, आता तुम्ही गाडीखाली जा आणि चार गोष्टी बघून इथे लिहा. पुढे स्प्रिंग कुठे आहे? चासीच्या पुढच्या क्रॉसमेंबरजवळ रिकामी भोकं किंवा वापरात नसलेले ब्रॅकेट आहेत का? नकल मधे भरीव आहे की पोकळ? आणि चाकाला नट किती? काही गाड्यांमध्ये टू-व्हीलला पाच आणि फोर-व्हीलला सहा नट असतात. टोयोटा टकोमाचंच बघा, साध्या टू-व्हीलला पाच होते. पण १९९८ ची प्रीरनर ही टू-व्हील असूनही फोर-व्हीलच्या उंचीवर आणि तिच्याच सस्पेन्शनवर काढलेली होती, तिला सहा. इसुझू डी-मॅक्सची हाय-लँडर आणि फोर्ड रेंजरची हाय-रायडर याही अशाच उंच टू-व्हील. तुमची गाडी त्या जातीची निघाली तर निम्मं काम कारखान्यानेच करून ठेवलेलं आहे.

चिखलवाट
काका, बघून आलो. गाडी स्टँडवर घेऊन चाकही काढलं. सहा नट आहेत. स्प्रिंग शॉकवर चढवलेली आहे आणि शॉकचं खालचं टोक आर्मवर दोन फाट्यांनी बसतं, मधे मोकळी जागा आहे. क्रॉसमेंबरच्या मागे दोन्ही बाजूंना ब्रॅकेट आहेत, त्यांना काहीच जोडलेलं नाही. नकलच्या मधे पत्र्याची टोपी होती, काढली तर आत भोक आरपार आहे, पण हबला स्प्लाइन (ॲक्सल अडकायचे दात) नाहीत. ऑइल चेंबरला एका बाजूला खोल खाच आहे. मागचं प्रमाण गिअरदात यांच्या पद्धतीने मोजलं, ४.१० च्या आसपास येतंय.

पानेवाला
वा! ही फोर-व्हीलचीच चासी आहे. तो दुफाट्याचा शॉक ॲक्सलला वाट देण्यासाठीच असतो. तुमच्या गाडीवर हे काम मी करायला घेईन. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर असती आणि ब्रॅकेट नसते तर मीच तुम्हाला नको म्हणालो असतो.

अवजड
सहमत. वेल्डिंगची गरजच नाही असं दिसतंय, म्हणजे माझी मोठी शंका मिटली. मंजुरीच्या कामातही मदत होईल, कारण सगळे भाग त्याच मॉडेलचे आणि मूळ जागी असतील.

दोनटोकं
आता मीही विका म्हणणार नाही. पण भाग जमायला वेळ लागेल आणि तोवर चढ तिथेच आहे. मधल्या काळात मागे लॉकर बसवायचा विचार करा. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. हवेवर चालणारे एआरबीचे किंवा विजेवर चालणारे ईटनचे लॉकर स्विचने लावता-काढता येतात. रोजच्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला स्विचवालाच घ्या.

आणि हा लॉकर नंतर वाया जात नाही. दोन्ही डिफरन्शिअल साधे असलेल्या फोर-व्हील गाडीतही पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की गाडी उभी राहते. मागे लॉकर असला तर ती निघते.

चिखलवाट
मग फक्त लॉकरवरच भागेल का? खरं सांगा.

दोनटोकं
काही चढांवर भागेल. पण दोन गोष्टी त्याने मिळत नाहीत. एक लो रेंज. सावकाश चढायला आणि उतरताना इंजिनच्या ब्रेकवर गाडी धरून ठेवायला तोच लागतो. दुसरी, पुढची ओढ. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे जी चाकं ढकलतात तीच हलकी. शिवाय लॉकर लावलेला असताना मागची दोन्ही चाकं एकदम घसरली तर टोक अजून लवकर बाजूला जातं. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये मागचं टोक सरकतं म्हणालात, म्हणून आडव्या उताराच्या जागी लॉकर जपून वापरा.

आज फुकटात करण्यासारखं म्हणजे हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती घट्ट बांधा आणि चढाआधी टायरची हवा थोडी कमी करा. टायर जमिनीला लांब टेकतो आणि पकड वाढते. पक्क्या रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची.

रानजाई
पोती आणि हवा, दोन्ही आम्ही करतो. फरक जाणवण्याइतका पडतो.

चिखलवाट
ठरलं तर. आधी मंजुरी आणि विम्याचं लेखी विचारतो, ते जमतंय म्हणाले की लॉकर, आणि बरोबरच भागांसाठी अपघाती फोर-व्हील गाडी शोधायला लागतो. काका, अशी गाडी सापडली तर तिच्यात काय बघायचं?

पानेवाला
शक्यतो अख्खी गाडी घ्या, सुटे भाग जमवत बसू नका. पुढून ठोकलेली नको, कारण आपल्याला पुढचंच सगळं हवंय. मागून किंवा बाजूने ठोकलेली चालेल. इंजिन आणि गिअरबॉक्स तुमच्याच जोडीचे हवेत आणि प्रमाण ४.१० च हवं. वेगळं असेल तर तिचा मागचा ॲक्सलही सोबत घ्या आणि लॉकर त्याच ॲक्सलसाठी मागवा. म्हणून मी म्हणेन की गाडी सापडेपर्यंत लॉकरची ऑर्डर देऊ नका.

गाडी चालू अवस्थेत असेल तर ओल्या किंवा मोकळ्या खडीच्या जागी फोर-व्हील लावून जोर द्या. साखळी सैल झालेली असेल तर केसमधून टकटक किंवा दात सुटल्यासारखा दणका येतो. चालू नसेल तर केस आणि पुढच्या डिफरन्शिअलचं तेल थोडं काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतो, तो चालतो. किस किंवा तुकडे दिसले तर तो भाग सोडून द्या. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बेअरिंगं बदलायची तयारी ठेवा. ॲक्सलचे रबरी बूट फाटलेले असतील तर आतल्या जॉइंटमध्ये माती गेलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की कडकड ऐकू येईल.

आणि भाग काढताना बोल्ट, ब्रॅकेट, ब्रीदरच्या नळ्या, वायरिंगचे क्लिप, लिव्हरचं बूट, सगळं पिशव्यांत नावं घालून ठेवा. क्रॉसमेंबर आणि दोन्ही प्रोपेलर तर नक्कीच घ्या. व्हीलबेस आणि केबिन तुमच्यासारखीच असेल तर त्या गाडीचा मागचा प्रोपेलर तुम्हाला न कापता बसेल.